न आलेले वादळ

नळ अगदी थोडा उघडला तर पाण्याची धार काचेच्या कांडीसारखी गुळगुळीत पडते. आणखी उघडला की तीच धार फुटते, खवळते, आवाज करू लागते. पहिल्या धारेतला पाण्याचा थेंब पुढच्या क्षणी कुठे असेल ते सांगता येते. दुसऱ्या धारेत ते सांगणे कठीण होऊन बसते. शरीरातही हेच घडते. निरोगी माणसाच्या बहुतेक रक्तवाहिन्यांतून रक्त मुकाट्याने वाहते. पण हृदयाची झडप आकसली की त्या अरुंद वाटेतून रक्त जोराने उसळते, त्याचे भोवरे होतात, आणि डॉक्टरला स्टेथोस्कोपमधून जी सरसर ऐकू येते ती या भोवऱ्यांमुळेच. अशा खवळलेल्या प्रवाहाला शास्त्रात टर्ब्युलन्स म्हणतात. त्याचा सर्वांत मोठा नमुना आपल्या डोक्यावरच आहे. वातावरण कित्येक दिवस शांत वाहते आणि एखाद्या दिवशी घरांची छपरे उचलून नेते. तो एक दिवस आधी ओळखायचा कसा, हा प्रश्न भौतिकशास्त्राची सगळी समीकरणे समोर ठेवून, कागद-पेन्सिलीने, आकडा न आकडा मांडून सोडवायला बसलेला पहिला माणूस म्हणजे लुईस फ्राय रिचर्डसन.

रिचर्डसन यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८८१ रोजी इंग्लंडच्या न्यूकॅसल गावी झाला. वडिलांचा कातडी कमावण्याचा धंदा होता. सात भावंडांत हे धाकटे. घराणे क्वेकर पंथाचे. कोणत्याही कारणासाठी शस्त्र हाती धरायचे नाही, हा या ख्रिस्ती पंथाचा दंडक. रिचर्डसन यांच्या आयुष्यातले जवळजवळ प्रत्येक वळण या एका दंडकापाशी येऊन ठेपते, म्हणून तो सुरुवातीलाच लक्षात ठेवायला हवा.

केंब्रिजमधून पदवी घेतल्यावर त्यांनी बऱ्याच नोकऱ्या बदलल्या. त्यातली एक पीट तयार करणाऱ्या कंपनीत होती. पीट म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. वाळवून तो जळणासाठी वापरतात. दलदलीतले पाणी काढायला चर किती अंतरावर खणावेत, असा साधा व्यवहारी प्रश्न त्यांच्यापुढे आला. झिरपणाऱ्या पाण्याचे समीकरण माहीत होते, पण वेड्यावाकड्या जमिनीसाठी ते सुटत नव्हते. रिचर्डसन यांनी मग जमिनीचे चौकोन पाडले आणि समीकरणाऐवजी एका चौकोनातून शेजारच्या चौकोनात काय जाते याची निव्वळ बेरीज-वजाबाकी मांडली. उत्तर तंतोतंत नसे, पण कामापुरते बरोबर असे. हीच रीत त्यांनी पुढे दगडी धरणाच्या भिंतीतले ताण काढायला वापरली आणि १९१० मध्ये प्रसिद्ध केली. त्या हिशेबांसाठी त्यांनी मुले लावली होती आणि त्यांना आकड्यामागे पैसे दिले जात. आकडा चुकला तर पैसे कापले जात.

एप्रिल १९१२ मध्ये हिमनगावर आदळून टायटॅनिक बुडाले. रिचर्डसन त्या सुमारास पत्नी डोरोथीबरोबर समुद्रकाठी होते. ते होडीत बसून शिट्टी फुंकू लागले आणि उघडी छत्री कानामागे धरून तिचा प्रतिध्वनी ऐकू लागले. आठवडाभरात त्यांनी हवेतल्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अडथळा ओळखण्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि महिनाभरात पाण्याखालच्या आवाजासाठी दुसरा. उपकरण बांधायला कोणी पुढे आले नाही. आज सोनोग्राफीच्या टेबलावर गर्भाचे चित्र उमटते तेही प्रतिध्वनीच्याच तत्त्वावर. संकट दिसायच्या आधी कळले पाहिजे, हा ध्यास त्यांच्यात तेव्हापासून दिसतो.

१९१३ मध्ये ब्रिटिश हवामान खात्याने त्यांना स्कॉटलंडमधल्या एस्कडेलम्यूर वेधशाळेचे प्रमुख नेमले. आडबाजूची, पावसाळी, शांत जागा. त्या काळी हवामानाचा अंदाज म्हणजे एक प्रकारची नाडीपरीक्षाच होती. अनुभवी माणूस आजचा नकाशा बघे, पूर्वी असा नकाशा कधी होता ते आठवे आणि तेव्हा जे झाले तेच उद्या होईल असे सांगे. नेहमीच्या दिवसांना हे ठीक चाले. पण पूर्वी कधी न घडलेले काही घडणार असेल तर जुन्या नकाशांच्या गठ्ठ्यात ते सापडणार कुठून? नॉर्वेचे शास्त्रज्ञ विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी १९०४ मध्येच म्हटले होते की हवा ही भौतिकशास्त्राच्या नियमांनी चालते, तेव्हा आजची स्थिती नीट माहीत असेल तर उद्याची गणिताने काढता यावी. पण समीकरणे सुटण्यासारखी नव्हती. रिचर्डसन यांनी दलदलीतली रीत हवेला लावली. भूभागाचे सुमारे दोनशे किलोमीटर बाजूचे चौकोन, उंचीचे पाच थर, प्रत्येक खणात हवेचा दाब, वारा, तापमान, बाष्प यांचे आकडे. मग या खणातून त्या खणात काय गेले याचा तीन-तीन तासांच्या पावलाने हिशेब.

हे चालू असताना पहिले महायुद्ध पेटले. रिचर्डसन बंदूक धरणार नव्हते, पण घरात बसून राहणेही त्यांना जमेना. १९१६ मध्ये नोकरी सोडून ते क्वेकरांच्या रुग्णवाहिका पथकात दाखल झाले आणि फ्रान्समध्ये एका फ्रेंच पायदळ डिव्हिजनला जोडलेल्या तुकडीत गाडी चालवू लागले. आघाडीवरून जखमींना उचलायचे आणि खड्ड्यांच्या रस्त्याने, बहुधा अंधारात दिवे न लावता, मागच्या रुग्णालयात पोहोचवायचे. पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेले ओलाफ स्टेपल्डन याच तुकडीत होते. दोन खेपांच्या मधल्या वेळात, थंड निवाऱ्यात गवताच्या ढिगावर बसून रिचर्डसन आकडे मांडत असत. सहा आठवडे लागले. १९१७ च्या एप्रिलमध्ये शँपेनच्या लढाईत हस्तलिखित सुरक्षित राहावे म्हणून मागे पाठवले, तर ते हरवलेच. काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले.

हिशेबासाठी त्यांनी जुना, होऊन गेलेला दिवस निवडला होता: २० मे १९१०. हॅलेचा धूमकेतू त्याच आठवड्यात पृथ्वीजवळून गेला होता आणि त्या दिवसांत युरोपात अनेक ठिकाणी फुगे सोडून वरच्या हवेची मापे घेतली होती, त्यामुळे आकडे भरपूर होते. प्रश्न असा: म्युनिकच्या आसपास त्या दिवशी सकाळच्या सहा तासांत हवेचा दाब किती बदलला असेल? प्रत्यक्षात तो जवळजवळ जागचा हललाच नव्हता. रिचर्डसन यांचे उत्तर आले, १४५ हेक्टोपास्कलची वाढ. समुद्रसपाटीला हवेचा नेहमीचा दाब हजारच्या थोडा वर असतो. १९९९ मध्ये ओडिशावर आलेल्या महाचक्रीवादळाच्या केंद्रात तो ९१२ पर्यंत उतरला होता, म्हणजे नेहमीपेक्षा सुमारे शंभराने कमी. त्यापेक्षा मोठी उलथापालथ रिचर्डसन यांच्या कागदावर एका निवांत सकाळी घडून गेली होती.

चूक बेरजेत नव्हती. एखाद्या दुकानात दिवसाला लाखाची आवक आणि जवळजवळ लाखाचीच जावक असेल आणि गल्ल्यात शंभर रुपये शिल्लक पडत असतील, तर जावक मोजण्यात एका टक्क्याची गफलत झाली तरी शिल्लक हजाराने चुकते. हवेचा दाब ही अशीच शिल्लक आहे. एका बाजूने प्रचंड हवा आत येते, दुसरीकडून जवळपास तेवढीच बाहेर जाते. वाऱ्याच्या मापात थोडा दोष असला की फरक अवाढव्य फुगतो. त्यात भर म्हणजे हवेत सतत जलद लहरी येत-जात असतात. त्या क्षणभर दाब हलवतात आणि विरून जातात. रिचर्डसन यांनी त्या क्षणाचा वेग सहा तास तसाच राहील असे धरले. जिने चढून धापा टाकत आलेल्या रुग्णाची नाडी मोजायची आणि ती दिवसभर तशीच चालेल असे मानायचे, तसे ते झाले. पुष्कळ वर्षांनी आयर्लंडचे हवामानशास्त्रज्ञ पीटर लिंच यांनी तोच हिशेब पुन्हा केला. सुरुवातीच्या आकड्यांतला हा खोटा थरथराट आधी काढून टाकला आणि बाकी रीत रिचर्डसन यांचीच ठेवली. दाबातला बदल एका हेक्टोपास्कलपेक्षाही कमी आला.

रिचर्डसन यांना हे पुरते उलगडलेले नव्हते, तरी दोष वाऱ्यांच्या मापात असावा असा त्यांचा कयास होता. पण त्यांचे मोठेपण पुढच्या कृतीत आहे. १९२२ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या छापखान्यातून त्यांचे पुस्तक निघाले, ‘गणिती क्रियेने हवामानाचा अंदाज’ अशा अर्थाच्या नावाचे. त्यात हे फसलेले उदाहरण त्यांनी तक्ते आणि आकड्यांसह जसेच्या तसे छापले. फसलेले उपचार वैद्यकीय नियतकालिकांत किती कमी वाचायला मिळतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या धैर्याची किंमत कळेल. तक्ते दडवले असते तर लिंच यांना तपासायला काही उरलेच नसते.

त्याच पुस्तकात त्यांनी एक कल्पनाचित्रही रंगवले. गोल घुमटासारखे प्रचंड सभागृह, भिंतींवर पृथ्वीचा नकाशा, सज्ज्यांतून ओळीने बसलेले ६४,००० गणकनीस. प्रत्येक गट आपापल्या प्रदेशाचा हिशेब करतो आणि आकडे शेजाऱ्याला दाखवतो. मध्यभागी उंच खांबावर एक नियंत्रक. जो प्रदेश पुढे धावेल त्याच्यावर तो गुलाबी झोत टाकतो, जो मागे रेंगाळेल त्याच्यावर निळा. तळघरात कोणी एक हौशी माणूस फिरत्या भांड्यातल्या पाण्याचे भोवरे निरखत बसला आहे. बाहेर मैदाने आणि तळी, कारण हवामानाचा हिशेब करणाऱ्यांनी मोकळी हवाही घेतली पाहिजे. हवेइतक्याच वेगाने हिशेब पुढे न्यायचा तर इतकी माणसे लागतील असा त्यांचा अदमास होता, आणि तो कमीच होता. पुस्तकाच्या ७५० प्रती छापल्या होत्या. तीस वर्षांनंतरही त्या संपलेल्या नव्हत्या.

युद्धानंतर ते हवामान खात्यात परतले. बेन्सन येथे वरच्या थरातल्या वाऱ्याचे माप घेण्यासाठी ते वाटाण्यापासून चेरीपर्यंत आकाराच्या पोलादी गोळ्या सरळ वर उडवत आणि त्या कुठे पडतात ते पाहत. याच काळात त्यांनी टर्ब्युलन्सवर विचार केला. मोठा भोवरा फुटून लहान होतात, लहानांचे आणखी लहान, आणि शेवटी हवेच्या चिकटपणात सगळी ऊर्जा उष्णता होऊन विरते. एका जुन्या इंग्रजी कवितेच्या चालीवर चार ओळी रचून त्यांनी हे पुस्तकात घातले. रशियाचे कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ मध्ये टर्ब्युलन्सचा जो सिद्धांत मांडला, त्याच्या मुळाशी हेच चित्र आहे.

भोवरा कधी वाढतो आणि कधी विझतो, हाही प्रश्न त्यांनी घेतला. खाली थंड जड हवा आणि वर उबदार हलकी हवा असेल तर थर एकमेकांत मिसळायला तयार नसतात. उलट वरचा आणि खालचा वारा वेगवेगळ्या गतीने वाहत असेल तर तो थरांना घुसळतो. या दोन जोरांचे गुणोत्तर आज रिचर्डसन अंक म्हणून ओळखले जाते. अंक मोठा असला की हवा थरावर थर रचून स्वस्थ बसते. लहान झाला की भोवरे उठतात. निरभ्र आकाशात विमानाला अचानक हादरे कुठे बसतील याचा इशारा देताना हा अंक पाहतात. स्वस्थ बसलेली हवासुद्धा निरुपद्रवी नसते. हिवाळ्यात पहाटे धूर जमिनीलगत साचून राहतो आणि दम्याचे रुग्ण वाढतात, ते याच कारणाने. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळच्या त्या थंड रात्री विषारी वायू वर न जाता वस्त्यांवरून सरपटत गेला, तेव्हाही हवेचे थर असेच होते.

१९२० मध्ये हवामान खाते विमानदलाच्या मंत्रालयाखाली गेले आणि रिचर्डसन यांनी राजीनामा दिला. लंडनच्या एका अध्यापक महाविद्यालयात ते शिकवू लागले. त्यांना आणि डोरोथी यांना मूल झाले नाही. त्यांनी तीन मुले दत्तक घेतली. संशोधन मात्र थांबले नाही. फुग्यांना पत्त्याची कार्डे बांधून ते सोडायचे, सापडणाऱ्याने कार्ड परत पाठवायचे, आणि एकत्र सुटलेले फुगे किती फाकले ते मोजायचे. ज्वालामुखीची राख आणि इतर साधनांची मापेही त्यांनी जोडून घेतली. १९२६ मध्ये त्यांनी दाखवले की दोन कण जितके दूर जातात तितके ते आणखी वेगाने फाकतात, आणि त्यालाही एक ठरावीक नियम आहे. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

पण वायू हवेत कसा पसरतो हे ज्यांना सर्वांत जास्त हवे होते ते विषारी वायूंवर काम करणारे लोक होते. त्यांना आपल्या कामात रस आहे हे कळल्यावर रिचर्डसन यांनी हवामानाचे संशोधन थांबवले आणि जे छापून झालेले नव्हते ते नष्ट केले. डोरोथी यांनी पुढे ही हकीकत सांगितली आहे. ज्या माणसाने फसलेला हिशेबही जपून छापला, त्यानेच चांगला हिशेब जाळावा, हे वाचून मन अडखळते. त्यात कोणते शोध गेले ते आता कळण्याचा मार्ग नाही. तेच शोध दुसऱ्या कोणाला लागायचे थांबले असतील असेही नाही. तरी आपल्या हातून ते जाऊ नयेत एवढे त्यांच्या हाती होते, आणि तेवढे त्यांनी केले.

वयाच्या पंचेचाळिशीनंतर ते मानसशास्त्र शिकले आणि १९२९ मध्ये त्यातली पदवी घेतली. लाल रंग मनाला किती लाल वाटतो हे माणसाला आकड्यात सांगता येते का, असल्या प्रयोगांना तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. वेदना शून्य ते दहात किती, असे रुग्णाला विचारणे आज वॉर्डात नित्याचे आहे. त्याच वर्षी ते स्कॉटलंडमध्ये पेझ्ली येथील तंत्र महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. रुग्णवाहिका चालवताना सुरू झालेला दुसरा हिशेब त्यांच्या डोक्यात होताच: हवेतले वादळ गणिताने पाहता येते, तर माणसांतले का नाही? दोन देश एकमेकांच्या भीतीने शस्त्रे कशी वाढवत नेतात याची समीकरणे त्यांनी १९१९ मध्येच मांडली होती. १९४० मध्ये, दुसरे महायुद्ध सुरू असताना, त्यांनी वेळेआधी निवृत्ती घेतली आणि उरलेले आयुष्य या कामाला दिले.

सुमारे १३० वर्षांतली, म्हणजे १८२० पासूनची, तीनशेहून अधिक युद्धे त्यांनी नोंदवली. देशांची नावे, कारणे, कोण बरोबर कोण चूक हे बाजूला ठेवून मृतांच्या संख्येवर त्यांची प्रतवारी केली. भूकंपासारखी पट्टी: एक पायरी वर म्हणजे दसपट मृत्यू. एका माणसाचा खून शून्यावर, महायुद्धे सातवर. सहाव्या पायरीवर अवघ्या सात घटना बसल्या. अमेरिकेतले यादवी युद्ध, चीनमधले तैपिंग बंड, स्पेनचे यादवी युद्ध यांच्याबरोबर १९४६ ते १९४८ या काळातल्या भारतीय उपखंडातल्या जातीय दंगलीही त्यात आहेत. बेरीज झाली तेव्हा भांडणांत मेलेल्या सगळ्या माणसांपैकी सुमारे ६० टक्के फक्त दोन महायुद्धांत मेली होती. त्याखालोखाल वाटा होता दुसऱ्या टोकाचा, एका-दोघांच्या खुनांचा. मधल्या शेकडो लढाया, बंडे आणि दंगली मिळून पाव हिस्साही भरत नव्हता. सरासरी युद्ध पाहून सर्वांत मोठ्या युद्धाची कल्पना येत नाही. पुरांचेही असेच, साथींचेही.

युद्धे कधी पेटतात यात त्यांना काही लय सापडली नाही. ती काळाच्या पटावर यदृच्छेने विखुरलेली निघाली. एक भाषा बोलणारे लोक आपसांत कमी लढतात असेही सर्वसाधारणपणे दिसले नाही. शेजारी जितके जास्त तितकी युद्धे जास्त, एवढे दिसले. मग सीमा किती लांब आहेत ते मोजायला घेतले, तर एकाच सीमेची दोन पुस्तकांत दोन मापे. स्पेन-पोर्तुगाल सीमा एकीकडे ९८७ किलोमीटर, दुसरीकडे १,२१४. मोजपट्टी जितकी लहान तितकी वाकडी रेघ लांब होते, हे त्यांनी टिपून ठेवले. त्यांच्या मृत्यूनंतर १९६१ मध्ये ते छापले गेले आणि बेन्वा मँडलब्रॉट यांनी त्यातून फ्रॅक्टलची कल्पना पुढे नेली. युद्धांवरचे त्यांचे दोन्ही मोठे ग्रंथही १९६० मध्ये, ते गेल्यावरच, रीतसर छापून निघाले.

म्हातारपणी ते किलमन या समुद्रकाठच्या गावी राहत. १९४८ मध्ये अमेरिकेचे तरुण समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल तिथे आले आणि दोघांनी धक्क्यावर उभे राहून पाण्यात पार्सनिपचे तुकडे सोडले. पार्सनिप म्हणजे पांढऱ्या गाजरासारखा कंद. तो पाण्यात जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतो, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही, आणि पांढरा असल्याने वरून दिसतो. हवेत सापडलेला फाकण्याचा नियम पाण्यातही लागू पडतो का, ते त्यांना पाहायचे होते. तो तिथेही लागू पडला.

१९५० मध्ये अमेरिकेत ज्यूल चार्नी, राग्नार फ्योर्टॉफ्ट आणि जॉन फॉन नॉयमन यांनी एनियाक या संगणकावर पहिले यशस्वी अंदाज काढले. चोवीस तासांच्या अंदाजाला साधारण चोवीस तासच लागले. हिशेबाने हवेला कसेबसे गाठले होते. चार्नी यांनी नकाशे रिचर्डसन यांना पाठवले. सत्तरीतल्या रिचर्डसन यांनी एक छोटा प्रयोग केला. आजचा नकाशा, संगणकाने काढलेला उद्याचा नकाशा आणि उद्या प्रत्यक्षात जे झाले त्याचा नकाशा, असे तिन्ही त्यांनी डोरोथी यांच्यापुढे ठेवले आणि पहिल्या दोहोंतला कोणता शेवटच्याशी जास्त जुळतो ते नुसत्या नजरेने सांगायला लावले. संगणकाचा नकाशा सरासरीने सरस ठरला, पण थोडासाच. रिचर्डसन यांनी तो निकाल चार्नी यांना अभिनंदनासह, त्या ‘थोडासाच’सकट, कळवून टाकला. ३० सप्टेंबर १९५३ रोजी किलमनच्या घरी झोपेतच त्यांचे निधन झाले.